खारं पाणी प्यालेला हिटर

डॅशबोर्डच्या आतून बोलतोय, तेव्हा आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. मी मोटारीतला हिटर. गाडी घेताना माझी कोणी चौकशी करत नाही आणि विकताना माझं कोणी नाव काढत नाही. त्यातून माझं सगळं आयुष्य गेलं अकोला-अमरावतीकडे. इथे उन्हाळ्यात माणसं सीटवर बसण्याआधी टॉवेल अंथरतात. अशा मुलखात आपल्याला फारसं काम लागणार नाही, हे मी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं.

माझी रचना अगदी साधी आहे. बारीक नळ्यांची एक छोटी जाळी, आणि तिला जोडलेले दोन रबरी पाइप. एकातून इंजिनातलं गरम पाणी आत येतं, जाळीतून फिरतं आणि दुसऱ्यातून परत जातं. मागे पंखा असतो. त्याची हवा जाळीतून गेली की तापते आणि समोरच्या झडपांतून माणसांच्या अंगावर जाते. एवढंच माझं काम. पण ते सगळं दुसऱ्याच्या जिवावर असल्यामुळे मी पहिल्यापासूनच काळजीखोर. पाणी आलं नाही तर? आलं आणि गरम नसलं तर? आणि ऐन वेळी कुणी मला हाक मारली आणि माझ्याच्यानं काही झालं नाही तर? वर्षानुवर्षं रिकामं बसलं की असले विचार फार येतात.

माझे पहिले मालक अकोल्याचे खुशालराव. कृषी महाविद्यालयात शिकवायचे. मोठे नीटनेटके गृहस्थ. रेडिएटरमध्ये पाणी घालायचं नाही, बाटलीतलं हिरवं कूलंटच घालायचं, असा त्यांचा दंडक होता. डिसेंबरात ते घरच्यांना घेऊन चिखलदऱ्याला जायचे. घाट चढताना मला सुरू करायचे, आणि थोड्या वेळानं त्यांची बायको म्हणायची, "बंद करा आता ते, जीव घाबरून राहिला माझा." वर्षातून तेवढी एक फेरी. पण तेवढ्यात माझा ऊर भरून यायचा. पुढे खुशालरावांना मोतीबिंदू झाला, मुलांनी गाडी चालवायची बंद करवली, आणि मी गाडीसकट दर्यापूरला देवीदासच्या दारात आलो.

देवीदासचा धंदा फुलांचा. पहाटे उठून अमरावतीच्या बाजारात जायचं, झेंडू, शेवंती, गुलाब गाडीत भरायचा आणि उजाडता उजाडता दर्यापूरला परतायचं. बस स्टँडजवळ त्याची टपरी आहे. तिथे त्याची बायको पार्बताबाई हार ओवते. तिच्या बोटांचा वेग मी कधी पाहिला नाही, पण देवीदास गाडीत एकटा असताना तिचं कौतुक करतो, ते माझ्या कानावर आहे. तिच्यासमोर मात्र तो चकार शब्द काढत नाही.

आता फुलांना ऊब म्हणजे मरण. त्यामुळे देवीदासनं मला कधीच सुरू केलं नाही. जानेवारीच्या पहाटे तो मफलर गुंडाळून, दात वाजवत गाडी चालवायचा, मागे ओल्या गोणपाटाखाली झेंडू सुखात निजलेला असायचा. मी हाताच्या अंतरावर होतो, पण त्याचा हात माझ्या बटणाकडे कधी वळला नाही. मला राग यायचा नाही. माणसाच्या पोटाचा प्रश्न असतो. पण याचा परिणाम असा झाला की मी बिघडत चाललोय हे कुणालाच कळलं नाही.

मी बिघडलो ते पाण्यानं. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. बोअरचं पाणी असं खारट की त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. गोडं पाणी नळाला येतं, पण त्याच्या वारानं. तो वार आला की पार्बताबाई घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवते, वर फडकी बांधते, आणि मग पुढचा वार येईपर्यंत पेल्यापेल्याचा हिशेब. त्या घराचा एक नियम आहे, गोडं पाणी माणसांना, खारं भांड्यांना, गुरांना आणि गाडीला. नियम कुणाच्या दुष्टपणातून आलेला नाही. पिण्याचं पाणी गाडीच्या पोटात ओतायला खारपाणपट्ट्यातल्या कोणत्याही घरात हात धजणार नाही. म्हणून खुशालरावांचं कूलंट कमी झालं तसं देवीदासनं बोअरच्या पाण्याचा कॅन आणला आणि निर्धास्त ओतला. मग पुन्हा ओतला, आणि दर वेळी ओततच राहिला.

खारं पाणी पहिल्यांदा अंगात आलं तेव्हा नुसती खाज सुटली. मग नळ्यांच्या आत पांढरा थर बसायला लागला. एक नळी बंद झाली, मग शेजारची. इंजिनाचं काही बिघडलं नाही, त्याचे रस्ते रुंद. माझे रस्ते दाभणाएवढे. आतल्या आत बुजत चाललो होतो आणि ओरडायला तोंड नव्हतं.

अशात मोनालीचं बाळंतपण आलं. मोनाली ही देवीदासची एकुलती एक लेक, सासर अकोल्याचं. जावई धर्मेंद्र पुण्याला कंपनीत नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून दिवाळीनंतर देवीदासच तिला आणायला गेला होता. येताना तिची सासू खिडकीशी येऊन म्हणाली होती, "भाऊ, तुमच्या भरवशावर पाठवून राहिलो." देवीदास तेव्हा हसला होता. नंतर मात्र ते वाक्य त्याला रोज पहाटे आठवायचं, कारण बाळ वेळेआधीच आलं. इवलीशी मुलगी. दर्यापूरच्या डॉक्टरांनी लगेच अमरावतीला पाठवलं आणि तिथे तिला काचेच्या पेटीत ठेवलं; मोनालीही तिच्याजवळ तिथेच राहिली.

त्या दिवसांत देवीदास फुलं घ्यायला जायचा आणि आधी दवाखान्यात शिरायचा. परत गाडीत येऊन बसला की स्टेअरिंगवर कपाळ टेकायचा. "पेटीत हाय तोवर बरी हाय," असं स्वतःशीच म्हणायचा. "पेटीतून काढल्यावर काय करा?" त्याचा तो प्रश्न माझ्याही मनात घर करून बसला.

आणि एका सकाळी तो दवाखान्यातून पळतच आला. गाडीत बसून पार्बताबाईला फोन लावला. 

"उद्या सुट्टी देऊन राहिले पोरीले. हो, घरी. पण डॉक्टर म्हणते, तिले अजून अंगातली ऊब धरता येत नाई. थंडी लागली तर पुन्हा पेटीत. गाडी आधी गरम करा म्हणते, मंगच बाळाले बसवा. मी सांगितलं त्याईले, आमच्या गाडीत हिटर हाय म्हणून."

हिटर हाय म्हणून! आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी माझं नाव चारचौघांत घेतलं होतं, आणि माझ्या नळ्या तर बुजलेल्या होत्या.

त्यानं फोन ठेवला आणि त्याच क्षणी माझं बटण लालकडे फिरवलं. पंखा सुरू झाला. त्यानं गाल झडपेपुढे धरला. गार हवा आली. इंजिन तापलं नसेल असं समजून तो निघाला, बाजारातून गुलाब भरले आणि परतीला लागला. वलगाव मागे पडलं, इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर येऊन स्थिरावला, तरी माझ्या तोंडून बाहेरच्या धुक्यासारखीच हवा येत होती. मी जीव तोडून प्रयत्न करत होतो. गरम पाणी माझ्या दारापर्यंत यायचं आणि आत शिरायला वाट नाही म्हणून तिथेच थबकायचं. देवीदासनं बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं, डॅशबोर्डवर एक चापट मारली.  त्या दिवशी मागच्या गुलाबांकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही.

दर्यापूरला आल्या आल्या गाडी अब्दुल रहीमच्या गॅरेजात. मिस्त्री म्हणून अब्दुल रहीमचं गावात नाव आहे. ब्रेक, क्लच, गिअर, काहीही सांगा. पण देवीदासनं "हिटर चालत नाई" म्हटल्यावर तो हातातला पाना खाली ठेवून पाहतच राहिला.

"हिटर? देवीदासभाऊ, या गावात हिटर आजवर कोणी दुरुस्त करून नेला नाई. उलट एप्रिल लागला का लोकं म्हणतात, हिटरची नळी बांधून टाका, एसी जोरात लागला पायजे."

"उद्या नात घरी येऊन राहिली, रहीमभाई. तिले थंडी लागली तर..."

अब्दुल रहीमनं मग मस्करी केली नाही. आधी त्याला वाटलं, बटणाची तार सुटली असेल. माझ्या पोटाखाली आडवा होऊन त्यानं ती तपासली. झडप नीट हलत होती. मग पाणी कमी असेल म्हणून पाहिलं, थोडं कमी होतं, ते भरलं. पाण्यात हवा अडकली असेल म्हणून झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, बुडबुडे जाऊ दिले. मग त्याला थर्मोस्टॅटचा संशय आला. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी वस्तू ती, बिघडली तर इंजिन तापतच नाही. पण काटा तर मध्यावर येत होता, म्हणजे तीही शाबूत. असा अर्धा दिवस गेला. प्रत्येक वेळी देवीदास गाल झडपेपुढे धरायचा आणि मान हलवायचा. मी आतून ओरडत होतो, नळ्या बघा, माझ्या नळ्या बघा. पण मला ऐकणार कोण?

शेवटी दमून अब्दुल रहीम बोनेटवर वाकला आणि उगीचच त्याचा हात माझ्या दोन पाइपांवर पडला. एक इतका गरम की त्यानं हात झटकला. दुसरा गार. त्यानं पुन्हा दोन्ही चाचपले.

"येतं गरम, जातं गार. म्हंजे पाणी आतमंदी फिरूनच नाई राहिलं. देवीदासभाऊ, पाणी कोणतं टाकता तुमी याच्यात?"

"बोअरचं. दुसरं कोणतं टाकू?"

अब्दुल रहीमनं पाइप सोडला. माझ्या तोंडातून तांबूस चिखल आणि पांढरे खवले पडले. दोघंही ते बघत उभे राहिले. कोणी कोणाला दोष दिला नाही, कारण अब्दुल रहीमच्या स्वतःच्या गाडीतही तेच पाणी होतं.

"नवीन जाळी मिळन का?" देवीदासनं विचारलं.

"इतक्या जुन्या गाडीची? नागपूरवरून मागवा लागन. उद्या काही येत नाई." त्यानं डोकं खाजवलं. "धुऊन पाहू. गरम पाण्यात लिंबूसत्व टाकून. पण पाणी गोडं पायजे, आणि चांगलं दोन ड्रम पायजे. खाऱ्या पाण्यानं खार कसा निघन? आणि एक गोष्ट आधीच सांगतो. जाळी लय जुनी हाय. खारानं तिले आतून खाल्लं असन, आणि तोच खार भोकं बुजून बसला असन. तो काढला तर हिटर चालन, नाई तर गळन. रस्त्यात गळन का घरी आल्यावर, ते मी सांगू शकत नाई."

देवीदास घरी गेला तेव्हा गाडी गॅरेजातच होती, त्यामुळे तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मला दिसलं ते एवढंच, की हातगाडीवर दोन ड्रम ठेवून पार्बताबाई स्वतः आली. नळाचा वार अजून लांब होता. त्या बाईनं पाण्याच्या पेल्यासाठी नवऱ्याशी भांडणं केलेली मी ऐकली आहेत. तिनं ड्रमवरची फडकी सोडली आणि अब्दुल रहीमला म्हणाली, "घ्या भाऊ. आमी शेजारून मागून पिऊ."

"आणि गळलं तर, वहिनी?"

"गारच राहिलं तर पोरीचं काय, ते सांगा आधी," ती म्हणाली. अब्दुल रहीमनं ड्रम आत ओढून घेतले.

अब्दुल रहीमचं घर गॅरेजाला लागूनच. त्याची बायको खातूनबी हिनं चुलीवर मोठं पातेलं चढवलं. लिंबूसत्व घातलेलं ते गरम, गोडं पाणी माझ्यात शिरलं तेव्हा जी आग झाली ती काय सांगू. अब्दुल रहीमनं एकदा या बाजूनं ओतलं, एकदा त्या बाजूनं. वर्षानुवर्षांचा थर सुटून वाहत गेला. एकेक नळी मोकळी झाली. संध्याकाळी त्यानं पाइप जोडले, कूलंट भरलं, इंजिन चालू केलं, आणि देवीदासनं गाल पुढे केला.

गरम हवा आली. त्यानं पार्बताबाईचा हात धरून झडपेपुढे नेला. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या त्या माणसानं भर गॅरेजात बायकोचा हात धरला, हे मी पाहिलंय.

आनंद व्हायला हवा होता. पण मला माझ्या अंगाची खबर होती. थर गेला होता आणि त्याच्याखालचा पत्रा कागदाएवढा उरला होता. एका कोपऱ्यात मला सारखी कळ येत होती. अब्दुल रहीमनं निघताना बजावलं, "काच आतून धुरकटली, गोडसर वास आला, का समजा गळून राहिला. मंग काट्याकडं पाहत जा. काटा वर गेला आणि गाडी तशीच दामटली तर इंजिन जाईन."

दुसऱ्या दिवशी देवीदास आणि पार्बताबाई भर दुपारीच दवाखान्यात पोचले. बेत असा की उन्हाच्या वेळेतच परत यायचं, म्हणजे माझ्यावर फार भार पडणार नाही. पण दवाखान्यातून सुट्टी मिळणं म्हणजे काय, हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच ठाऊक. मोठे डॉक्टर राऊंडला, सही त्यांची, शिक्का दुसऱ्या मजल्यावर. ऊन कलत गेलं. थंडीची लाट होतीच, वर उत्तरेचं वारं सुटलं. देवीदास दर थोड्या वेळानं खाली येऊन गाडी चालू करायचा, मला तपासायचा आणि पुन्हा वर पळायचा. अखेर दिवेलागणीला मोनाली बाळाला घेऊन खाली आली, तोवर मी आख्खी गाडी कोमट करून ठेवली होती.

नर्स सोबत आली होती. तिनं पार्बताबाईला सांगितलं, "आजी, तळपायाला हात लावून बघत राहा. तळपाय गार पडले की समजायचं, बाळ गारठतंय. मग मोनालीच्या छातीशी, अंगाला अंग लावून धरायचं."

दार लागलं. माझ्या हवेत एक नवा श्वास आला, इतका हलका की मला शंका यावी, आहे की नाही. मोनाली मागच्या सीटवर, बाळ तिच्या कुशीत, शेजारी पार्बताबाई. गाडी निघाली.

"तळपाय?" देवीदासनं विचारलं.

"गरम हायेत. तुमी रस्त्याकडं पाहा."

वलगाव गेलं. मी एकाच गोष्टीवर लक्ष ठेवून होतो, तो दुखरा कोपरा. प्रत्येक खड्ड्याला तिथे चमक निघायची. मी स्वतःला म्हणत होतो, दर्यापूरपर्यंत, फक्त दर्यापूरपर्यंत. आणि एका खड्ड्यात तो कोपरा सुटलाच. पहिला थेंब बाहेर पडला तेव्हा मला वाटलं, कुणाला कळायच्या आत तो सुकून जाईल. मग दुसरा पडला. मग ते थेंब राहिले नाहीत.

काच आतून धुरकटली. देवीदासनं फडक्यानं पुसली. पुन्हा धुरकटली. गाडीत गोडसर वास पसरला. देवीदासच्या हातांची स्टेअरिंगवरची पकड मला जाणवत होती. काटा मध्य सोडून वर निघाला होता.

"बाबा, कायचा वास हाय?" मोनालीनं विचारलं.

"कायचा नाई, पोरी. तू तिले झाकून धर."

अंधारात पुढे पूर्णेचा पूल दिसला, तशी त्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. माझा पंखा थांबला. बाहेरचं वारं खिडक्यांच्या फटींतून आत यायला लागलं. त्यानं अब्दुल रहीमला फोन लावला.

अब्दुल रहीम म्हणाला, "हिटरचे दोन्ही पाइप काढून एकमेकाले जोडून टाका. गाडी घरी येईन. हिटर मात्र मेला समजा."

"रहीमभाई, हिटर बंद करून कसं चालन?"

"तळपाय गार लागून राहिले," मागून पार्बताबाई म्हणाली.  मोनालीनं शालीच्या आत ब्लाऊज सोडला आणि बाळाला उघड्या छातीशी धरलं, नर्सनं शिकवलं तसं.

अब्दुल रहीमनं ते फोनवर ऐकलं. मग म्हणाला, "हळद हाय का गाडीत? बारीक भोक असन तर हळदीनं बुजते. टरकवाले करतात असं. पण थंड होऊ द्या, लगेच झाकण खोलू नका, हात भाजन."

रस्त्यावर अशा वेळी हळद कोणाकडे असते? पण पार्बताबाईकडे होती. बाळ पहिल्यांदा नदी ओलांडतं तेव्हा नदीला हळद वाहायची, मग पुढे जायचं. बाळाला अमरावतीला नेताना धावपळीत ते राहून गेलं होतं, म्हणून ती घरून हळदीचा पुडा घेऊन आली होती. तिनं पुडा उघडला, आणि तिचा हात अडला. मला तो हात दिसत नव्हता, पण कागदाची सळसळ थांबलेली कळली. नदीचं होतं ते. नदीला न देता नातीला पुढे नेणं तिच्या मनाला पटणारं नव्हतं.

ती खाली उतरली. पुलाच्या कठड्याशी जाऊन चिमूटभर हळद तिनं खाली सोडली. वारं माझ्या दिशेनं होतं, म्हणून तिचं बोलणं ऐकू आलं. "माय, तुले एवढीच. बाकीची तिच्यासाठी लागून राहिली. राग मानू नको."

मग तिनं पुडा देवीदासच्या हातात दिला, आणि मोनालीसाठी आणलेली गोड्या पाण्याचा कॅनही. देवीदासला थांबवत नव्हतं आणि झाकण उघडायची हिंमतही होत नव्हती. तो झाकणाला हात लावायचा, काढायचा, मागे वळून बायकोकडे बघायचा आणि ती मानेनं सांगायची, थांबा. माझ्या जाळीतली उरलीसुरली ऊब ओसरत होती आणि मला काही करता येत नव्हतं. आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नाही.

झाकण उघडलं. हळद आणि पाणी आत गेलं. इंजिन सुरू झालं. ते पिवळं पाणी तापून माझ्यात शिरलं आणि त्या फाटक्या कोपऱ्याशी जाऊन फुगायला लागलं. गळती एकदम थांबली नाही. आधी धार होती तिचे थेंब झाले, थेंबांमधलं अंतर वाढलं. हळदीच्या वासानं गाडी भरून गेली. मी पुन्हा गरम हवा सोडायला लागलो.

"तळपाय?" देवीदासनं विचारलं.

पार्बताबाईनं दोन्ही तळपाय मुठीत धरून ठेवले. गाडी पूल ओलांडून पुढे गेली. खल्लारचे दिवे आले आणि गेले.

"अवो," ती म्हणाली, "कोमट लागून राहिले आता."

देवीदास रडला. गाडी चालवत असल्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती, म्हणून तसाच रडत राहिला. मोनालीनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी मात्र रडलो नाही, पाण्याचा एक थेंबही गमावणं मला परवडणारं नव्हतं. दर्यापूरच्या वेशीपर्यंत मी तो कोपरा कसा धरून ठेवला, ते माझं मला माहीत. दारात भाकरतुकडा ओवाळून बाळाला आत नेलं, आणि मागोमाग माझ्याखालची सगळी चटई ओली झाली.

सकाळी अब्दुल रहीम घरीच आला. आधी बाळाला दुरून पाहिलं, मग मला. "हळदीनं काल भागलं," तो म्हणाला, "पण आता हे बाद." त्यानं माझे दोन्ही पाइप काढले आणि एकमेकांना जोडून टाकले. नवी जाळी आणू का, असं त्यानं विचारलं. देवीदासनं हसून हात जोडले, पुढे उन्हाळाच होता. मला बाहेर काढायचं तर आख्खा डॅशबोर्ड उचकटावा लागतो, म्हणून मला जागच्या जागीच ठेवलं. तेव्हापासून माझ्यात पाणी नाही. नळ्यांत वाळलेली हळद आहे. पंखा तेवढा फिरतो, एसीच्या हवेसाठी.

लोक विचारतील, वाईट वाटतं का? रात्री गाडी गार पडते तेव्हा वाटतं थोडं. एक सांगणं मात्र आहे. तुमच्या गाडीत, तुमच्या घरात असं कोणी असेल, ज्याची वर्षभर कुणाला आठवण होत नाही, तर त्याला अधूनमधून चालू करून बघत जा, आणि त्याच्या पोटात काय ओततो आहोत तेही बघत जा. अडचण यायच्या आदल्या दिवशी बघू नका. आमची फार तारांबळ होते.

होळी झाल्यावर मोनालीला सासरी पोचवायला आम्ही अकोल्याला निघालो. मागची सीट सामानानं, पाळण्यानं आणि पार्बताबाईच्या पापडांनी भरलेली, म्हणून मोनाली पुढे बसली, मांडीवर लेक. ऊन रणरणत होतं. मुलगी आता चांगली गुटगुटीत, घामानं तिचं कपाळ ओलं झालेलं. "बाबा, एसी वाढवा, उकडून राहिलं तिले," मोनाली म्हणाली, आणि देवीदासनं हसत बटण फिरवलं.

हवा आली तशी मोनालीनं लेकीला पुढे धरलं आणि तिचा इवलासा हात माझ्या झडपेवर ठेवला. इतका गरम होता तो. मी गारच होतो, आणि अकोला येईपर्यंत तिनं तो काढला नाही.